ध्यान, झान, छान, झेन

जपानी ‘झेन’ म्हणजे आपलं ‘ध्यान’च, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. मात्र सांगताना मधले सगळे टप्पे गाळले जातात आणि ‘अपभ्रंश झाला’ एवढ्यावर भागवलं जातं. अपभ्रंश म्हणजे शब्दाचं वाटेल तसं बिघडणं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात या शब्दाचा उच्चार जवळजवळ प्रत्येक पायरीवर नियमाने बदलला आहे आणि पहिला नियम तर मराठी माणूस रोज वापरतो. अर्थाचं तसं नाही. मन लावण्याची क्रिया, ज्यावर मन लावायचं ते रूप, मन लावणाऱ्यांचा पंथ आणि शेवटी मनाशी फारसा संबंध न उरलेली सजावटीची एक शैली, इतके अर्थ या एका शब्दावर वेगवेगळ्या ठिकाणी चढले. त्यामुळे एका परंपरेतला अर्थ दुसऱ्या परंपरेच्या ग्रंथात घुसवला की वाचणारा हमखास फसतो.

आधी उच्चार पाहू, कारण तो सोपा आहे.

त, द, ध यांना संस्कृतात ‘य’ जोडलेला असला की प्राकृतात त्या जोडीचं तालव्य व्यंजन होतं. त्यचा च्च, द्यचा ज्ज, ध्यचा ज्झ. नृत्य, नच्च, नाच. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जु, वीज. संध्येची सांज झाली, वंध्येची वांझ झाली. मध्यचा मज्झ आणि पुढे माझ झाला; जुन्या मराठीतलं ‘माझारीं’ त्यातूनच आलं आणि माजघरातला ‘माज’ही तोच. उपाध्यायचा उवज्झाय झाला आणि उत्तरेत त्याचे ओझा नि झा झाले. शब्दाच्या सुरुवातीलाच जोडाक्षर असेल तर द्वित्त टिकत नाही, एकच व्यंजन उरतं. म्हणून ‘ध्यान’चं पालीत ‘झान’ झालं आणि जैन आगमांच्या प्राकृतात ‘झाण’.

मग मराठीत ‘झाण’ का म्हणत नाहीत? कारण सांज, वांझ, माज हे शब्द तोंडातोंडी झिजत आपल्यापर्यंत आले, तर ‘ध्यान’ पोथ्यांतून आणि पूजेतून पुन्हा जसाच्या तसा उचलला गेला. सोवळ्यातला शब्द झिजत नाही.

पालीत या बदलामुळे एक गंमत झाली. संस्कृत ‘ध्यायति’ (ध्यान करतो) आणि ‘क्षायति’ (जळतो) या दोन्ही क्रियापदांचं पाली रूप ‘झायति’ असंच होतं. पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या पाली भाष्यकारांनी ‘विसुद्धिमग्गा’त झान शब्दाची व्युत्पत्ती देताना याचा फायदा घेतला. आलंबनाचं, म्हणजे ज्यावर मन लावायचं त्या विषयाचं, चिंतन करतं म्हणून झान, किंवा आड येणाऱ्या गोष्टी जाळतं म्हणून झान. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दुसरी व्युत्पत्ती चुकीची आहे, पण साधकाच्या उपयोगाची आहे. धार्मिक ग्रंथांतल्या व्युत्पत्ती बहुधा अशाच असतात. त्यांतून शब्दाचा इतिहास कळत नाही, परंपरेने त्या शब्दाचं काय केलं ते कळतं.

इंग्रजीवरून मराठीत भाषांतर करणाऱ्यांसाठी इथेच एक इशारा. रोमन लिपीत ‘ज्ञान’ लिहिताना जेनंतर एन येतो आणि ‘झान’ लिहिताना जेनंतर एच. एका अक्षराच्या फरकाने ‘चौथं ध्यान’ याचं ‘चौथं ज्ञान’ होतं आणि पुढचा अख्खा परिच्छेद विस्कटतो.

पाहण्यापासून सुरुवात

ध्यानचा धातू ‘ध्यै’ आणि तो वेदांतल्या ‘धी’ शब्दाच्या घराण्यातला. ‘धियो यो नः प्रचोदयात्’मधली ती धी. आपण तिचं भाषांतर ‘बुद्धी’ असं करून मोकळे होतो, पण ऋग्वेदात तिच्यात पाहणं आहे: कवीला मनात जे दिसतं ते. इराणी शाखेत हा पाहण्याचा अर्थ अगदी उघड राहिला. फारसीतलं ‘दीदन’ म्हणजे पाहणं आणि त्यावरून झालेला ‘दीदार’ हे याच कुळातले. ध्यान आणि दीदार दूरचे भाऊबंद आहेत, हे लक्षात ठेवलं तर पुढे मराठीत जे घडलं ते समजायला सोपं जातं.

उपनिषदांच्या काळात ‘ध्यान’ हा सर्वोच्च शब्द नव्हता. छांदोग्याच्या सातव्या अध्यायात नारदाला सनत्कुमार एकेक पायरी वर नेतात, त्यात ध्यान चित्ताच्या वर आणि विज्ञानाच्या खाली येतं. ‘ध्यायतीव पृथिवी’, पृथ्वी जणू ध्यान करते आहे, असं तिथे म्हटलंय. म्हणजे मुख्य अर्थ निश्चलपणाचा.

शिवाय हा शब्द मुळात पवित्रही नव्हता. ‘ध्यायतो विषयान्पुंसः’ हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला श्लोक घ्या. विषयांचं ‘ध्यान’ करणाऱ्याला आधी आसक्ती जडते, मग काम, मग क्रोध, असा घसरणीचा क्रम तिथे दिला आहे. धातू तोच, पण ज्यावर मन लागलंय ते वाईट, म्हणून परिणाम वाईट.

जैनांनी ही गोष्ट सर्वांत काटेकोरपणे मांडली. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार आहेत: आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. नको असलेली गोष्ट कधी टळेल, आवडती दुरावलेली कधी परत मिळेल, दुखणं कधी थांबेल आणि पुढे अमुक सुख मिळावं, या चार विचारांत मन अडकून पडणं म्हणजे आर्तध्यान. हिंसा, खोटेपणा, चोरी आणि साठवलेलं राखणं यांवर मन एकाग्र होणं ते रौद्रध्यान. मोक्षाला उपयोगी फक्त शेवटची दोन. म्हणजे कर्जाच्या हप्त्याच्या काळजीने रात्रभर कूस बदलणारा माणूस शास्त्राप्रमाणे ध्यानच करत असतो, फक्त चुकीच्या प्रकारचं. त्याच अध्यायात ध्यानाला वेळेची मर्यादाही घातली आहे, अंतर्मुहूर्त. एक मुहूर्त 48 मिनिटांचा, त्याच्या आतच. एका विषयावर अखंड एकाग्रता त्याहून जास्त टिकत नाही, असं या शास्त्राचं म्हणणं. दोन-दोन तास बसून केलेल्या ध्यानाच्या गप्पा ऐकताना हा आकडा आठवावा.

समाधी वर की ध्यान वर?

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे. पतंजलींच्या योगसूत्रांत शेवटची तीन अंगं क्रमाने येतात. चित्त एका जागी बांधणं ही धारणा. त्या जागी एकाच प्रत्ययाचा, म्हणजे जाणिवेचा, अखंड प्रवाह चालू राहणं हे ध्यान. जुने आचार्य याला तेलाच्या धारेची उपमा देतात, पाण्यासारखी थेंबाथेंबाने न तुटणारी. आणि ध्यान करणारा जणू नाहीसा होऊन फक्त ध्येय उरणं ही समाधी. इथे ध्यान सातव्या पायरीवर आहे आणि समाधी आठव्या.

पाली ग्रंथांत मांडणी वेगळी आहे. अष्टांगिक मार्गाचं आठवं अंग ‘सम्मासमाधि’, आणि तिची व्याख्या विचारली की उत्तर येतं: चार झानं. म्हणजे तिथे झान ही समाधीच्या आधीची पायरी नाही. समाधी म्हणजे काय, ते झानांनीच सांगितलं जातं. पतंजलींचा जिना डोक्यात ठेवून त्रिपिटक वाचलं की ‘बुद्धांनी ध्यानापर्यंतच सांगितलं, समाधीपर्यंत नाही’ अशी भलती विधानं होतात.

ही चार झानं काय आहेत, ते थोडक्यात बघण्यासारखं आहे. पहिल्यात वितक्क, विचार, पीति आणि सुख असतात. वितक्क म्हणजे मन विषयावर नेऊन ठेवणं, ‘विचार’ म्हणजे ते त्याच विषयाभोवती फिरवत राहणं. हा पाली ‘विचार’ आपला रोजचा विचार नव्हे, ही आणखी एक अडखळण्याची जागा. पीति म्हणजे अंग शहारून टाकणारा आनंद, सुख त्याहून शांत. दुसऱ्या झानात वितक्क-विचार गळतात, तिसऱ्यात पीति गळते, चौथ्यात सुखसुद्धा जातं आणि उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, समभाव) नि शुद्ध झालेली स्मृती, म्हणजे सजगता, उरते. काही मिळवत जाण्यापेक्षा एकेक गोष्ट सोडत जाण्याचा हा क्रम आहे. ‘ध्यान म्हणजे निर्विचार अवस्था’ हे वाक्य आज सगळीकडे ऐकू येतं. पहिल्या झानाला तरी ते लागू पडत नाही.

चीनमध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या

बौद्ध ग्रंथ चीनला पोचले तेव्हा त्यांतले बरेच संस्कृतात नव्हते. वायव्येकडच्या गांधारी प्राकृतातून आणि मध्य आशियातल्या भिक्षूंच्या तोंडून ते गेले. सुरुवातीच्या भाषांतरकारांतलं मोठं नाव आन शिगाव यांचं. ते पार्थियाचे, म्हणजे इराणकडचे, इ.स. 148 मध्ये लोयांगला आले. आनापान, म्हणजे श्वासावर मन ठेवण्याच्या सूत्राचं चिनी रूप त्यांच्या नावावर आहे.

चिनी लिपीत परका शब्द लिहायचा तर आधीच अर्थ असलेलं एखादं चिन्ह फक्त आवाजासाठी वापरावं लागतं. ‘झान’साठी जे चिन्ह निवडलं गेलं, त्याचा तेव्हाचा उच्चार साधारण ‘ज्यान’च्या जवळचा होता. त्या चिन्हाला स्वतःचा इतिहास होता. सम्राटाने थाय पर्वताच्या पायथ्याशी पृथ्वीसाठी केलेल्या यज्ञाला ते नाव होतं. हान सम्राट वू याने इ.स.पू. 110 मध्ये हा विधी केला. आपणहून राजगादी सोडून दुसऱ्याला देण्यालाही तेच चिन्ह वापरतात. या जुन्या अर्थांनी आजही त्याचा उच्चार ‘शान’ होतो आणि बौद्ध अर्थाने ‘छान’. मराठीत हा शब्द ‘चान’ असा छापतात, पण चिनी उच्चार महाप्राण, म्हणजे ‘ह’ मिसळलेला, असल्यामुळे ‘छान’च जवळचं. आपल्या ‘छान’शी त्याचा काही संबंध नाही, योगायोग तेवढा सुखद आहे.

पुढे आवाज उतरवणं काहींना पुरेसं वाटेना. ह्युएन त्संग सातव्या शतकात नालंदेहून परतले आणि त्यांनी अर्थावरून ‘चिंग-ल्यू’, शांत चिंतन, असा शब्द वापरला. दुसरीकडे ‘छान-डिंग’ असा जोडशब्द रूढ झाला. त्यातला पहिला भाग भारतीय आवाजाचा, दुसरा ‘स्थिर होणं’ या अर्थाचा अस्सल चिनी. तिबेटी पंडितांनी असली सरमिसळ टाळली. त्यांनी ध्यानाला सरळ ‘सम्तेन’ म्हटलं: विचार आणि स्थिर या दोन तिबेटी शब्दांचा जोड. त्यामुळे तिबेटीत हा शब्द पारदर्शक राहिला. साध्या माणसालाही तो फोडून कळतो. चिनी माणसाला ‘छान’ फोडून काही कळत नाही, आणि न कळणारा शब्द हवा तसा भरता येतो. पुढचं सगळं यामुळेच शक्य झालं, असं म्हणायला हरकत नाही.

सहाव्या शतकापर्यंत छान करणारा भिक्षू म्हणजे ध्यानी भिक्षू, मग तो कुठल्याही गुरूचा असो. सातव्या-आठव्या शतकांत मात्र ‘छान’ हे एका गुरुपरंपरेचं नाव झालं. या परंपरेने आपला उगम भारतातून आले असं मानल्या जाणाऱ्या बोधिधर्म या भिक्षूंपर्यंत नेला आणि आपण ग्रंथांबाहेरचं, मनातून मनात दिलेलं सांगतो असा दावा केला. सहावे आचार्य हुइनंग (638–713) यांच्या नावावरच्या प्रवचनात ‘बसून ध्यान’ या शब्दांचीच फोड केली आहे: बाहेरच्या गोष्टींनी विचार न उठणं म्हणजे ‘बसणं’, आत आपला स्वभाव पाहणं म्हणजे ‘छान’. पाय दुमडून बसण्याचा उल्लेख त्या व्याख्येत उरलाच नाही. याच परंपरेतल्या एका गोष्टीत माझू नावाचा शिष्य बुद्ध होण्यासाठी ध्यानाला बसलेला असतो. शेजारी त्याचे गुरू कौल घासू लागतात. कशासाठी, तर आरसा करायला म्हणून. कौल घासून आरसा होत नाही, तर बसून बुद्ध कसा होशील? ज्या पंथाचं नावच ध्यान, त्याने ध्यानाला बसण्यावर प्रश्नचिन्ह लावलं, हा या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत मोठा उलटफेर.

नवव्या शतकात झोंगमी (780–841) या पंडिताला हे खटकलं असावं. ‘छान’ हा भारतातला शब्द, पूर्ण रूप ‘छान-ना’, आणि त्याचा अर्थ शांत चिंतन, असं त्यांनी आपल्या लोकांना पुन्हा समजावून सांगितलं. पण तोवर शब्द हातचा गेला होता.

जपान आणि त्यापुढे

जपानने हेच चिन्ह घेतलं आणि त्याचा ‘झेन’ हा उच्चार जुन्या चिनी उच्चाराची आठवण ठेवून आहे. चीनच्या उत्तरेत पुढे घोष ‘ज’चा अघोष, महाप्राण ‘छ’ झाला. जपानीत घोष ध्वनी टिकला. कोरियात तो ‘सॉन’ झाला, व्हिएतनाममध्ये ‘थिएन’. थेट पालीतून शब्द घेणाऱ्या देशांत वेगळंच घडलं. थायलंडमध्ये पाली झानचा उच्चार ‘छान’ होतो आणि ब्रह्मदेशात इंग्रजी झेडने सुरू होणारा ‘झान’. म्हणजे चिनी आणि थाई एका ठिकाणी, जपानी आणि ब्रह्मी दुसऱ्या ठिकाणी येऊन पोचले, तेही एकमेकांना न विचारता. आणखी एक बारकावा: मराठीत पाली ‘झान’ आणि जपानी ‘झेन’ दोन्ही ‘झ’नेच लिहितात, पण पहिल्यातला झ ‘झाड’मधला नाही, ‘ज’चा महाप्राण, दुसरा इंग्रजी झेडसारखा. कागदावरचं हे साम्य आपल्या लिपीने घडवलेलं आहे.

झेन शिकायला गेलेल्या जपानी भिक्षूंपैकी एइसाई 1191 मध्ये चीनहून परतले, दोगेन 1227 मध्ये. दोगेन यांनी कौलाची गोष्ट नाकारली नाही, पण बसण्याला पुन्हा मानाचं स्थान दिलं. नुसतं बसणं हेच पूर्ण, काही मिळवण्यासाठी नाही, ही त्यांची शिकवण. त्यांच्या सोतो पंथात साधक भिंतीकडे तोंड करून बसतात. रिंझाई पंथात दालनाच्या आतल्या बाजूला, समोरासमोर. एक बैठक एक उदबत्ती जळेपर्यंत, साधारण 40 मिनिटं. जैनांच्या अंतर्मुहूर्ताशी हे जवळपास जुळतं, ते कदाचित माणसाच्या गुडघ्यांमुळे.

1893 मध्ये शिकागोच्या धर्मपरिषदेला विवेकानंदांप्रमाणे शाकू सोएन हे झेन आचार्यही होते. त्यांचे शिष्य डी. टी. सुझुकी यांनी पुढे इंग्रजीत विपुल लिहिलं आणि ‘झेन’ जगभर गेला. इंग्रजीत तो विशेषण झाला: शांत, मोकळं, पसारा नसलेलं. फ्रेंचमध्ये ‘झेन राहा’ म्हणजे डोकं तापवू नकोस. जपानी लोक ज्या खडी-दगडांच्या बागेला ‘कारेसान्सुई’, कोरडे डोंगर-पाणी, म्हणतात तिला बाहेरचे ‘झेन गार्डन’ म्हणतात. 1993 साली रस्त्यावर आलेल्या मारुती झेनबद्दल मात्र ‘झिरो इंजिन नॉइज’ची आद्याक्षरं असं सांगितलं जाई, तेव्हा तिला या वंशावळीत न घेतलेलं बरं.

‘मेडिटेशन’चं भाषांतर ‘ध्यान’ करतानाही जपावं लागतं. ख्रिस्ती मठांच्या जुन्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत: वाचन, मेडिटेशन, प्रार्थना आणि कंटेम्प्लेशन. त्यात मेडिटेशन म्हणजे वाचलेल्या वचनावर शब्दांनी विचार करणं, आपलं मनन. शब्द थांबून नुसतं पाहणं उरतं ते कंटेम्प्लेशन. ध्यानाला खरा जवळचा हा दुसरा शब्द होता, पण इंग्रजीत पहिलाच रुळला आणि तोच आता ‘मी रोज मेडिटेशन करते’ असा मराठीत परत आला आहे. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला लोक सरसकट ‘ध्यान शिबिर’ म्हणतात. तिथे पहिले तीन दिवस आनापान असतं आणि चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. पहिल्याचं काम मन एकाग्र करणं, दुसऱ्याचं संवेदनांचं अनित्यपण पाहणं. झानाच्या जवळ जातं ते पहिलं. विपश्यना हे झानाचं दुसरं नाव नव्हे.

मराठीत ध्यान विटेवर उभं राहिलं

रामरक्षेत ऋषी, छंद, देवता, शक्ती, कीलक झाल्यावर ‘अथ ध्यानम्’ येतं. मग ‘ध्यायेदाजानुबाहुं’ने सुरू होणारा श्लोक: गुडघ्यांपर्यंत पोचणारे हात, धनुष्यबाण, पद्मासन, पीतांबर, डाव्या मांडीवर सीता. शेवटी ‘इति ध्यानम्’. जवळजवळ प्रत्येक स्तोत्राआधी असा ध्यानश्लोक असतो. जप सुरू करण्यापूर्वी देव नेमका कसा दिसतो ते डोळ्यांसमोर आणण्याची ही तरतूद. रोज म्हणता म्हणता त्या वर्णनालाच ‘ध्यान’ म्हणू लागले आणि वर्णनावरून प्रत्यक्ष रूपाला. म्हणून तुकोबा ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ म्हणतात. विटेवर क्रिया उभी राहत नाही. तिथे ध्यान म्हणजे डोळे भरून पाहावं असं रूप. वेदांतली ‘धी’ पाहण्यातून निघाली होती, ती इथे पाहण्याजोग्या वस्तूपर्यंत आली.

रूप असा अर्थ पक्का झाल्यावर टोमणा दूर नव्हता. ‘काय ध्यान आहे!’, ‘बावळं ध्यान’, ‘गबाळं ध्यान’ हे प्रयोग ध्यानश्लोकाच्या अर्थाशिवाय कळणारच नाहीत. ‘चिंतन’ हा अर्थ धरला तर या वाक्यांना काही टोकच राहत नाही.

‘ध्यास’ हा शब्द ‘निदिध्यास’मधून सुटलेला. मूळ धातू तोच, त्यावर इच्छेचा प्रत्यय. ‘द्रष्टव्यः श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः’ हे बृहदारण्यकातलं वाक्य त्याचं माहेर. आता क्रिकेटचाही ध्यास लागतो. ‘ध्यानात ठेवणे’मध्ये आठवणीचा अर्थ आला, ‘ध्यानीमनी नसताना’मध्ये अपेक्षेचा. ‘ध्यानधारणा’ या जोडशब्दात तर पतंजलींचा क्रमच उलटा झालाय. धारणा आधी हवी, पण ‘धारणाध्यान’ जिभेवर बसत नाही. लक्ष देण्याचं काम मात्र मराठीने या शब्दाकडे फारसं सोपवलं नाही. फलाटावर हिंदी उद्घोषणा ‘कृपया ध्यान दें’ म्हणते आणि मराठी ‘कृपया लक्ष द्या’. हिंदी जाहिरातींची घाईत केलेली भाषांतरं ‘ध्यान द्या’ असं छापतात, ते वाचताना मराठी कान थोडा अडखळतो तो याचमुळे.